पहिली प्लेट

“आक्का, साडेअकरा झाले. प्लेट घे आणि बस.”

“भाऊ, आज गुरुवार न्हवं का?”

“मग?”

“मार्गशीर्षातला. इसरलासा व्हय?”

विसरलो नव्हतो, उगाच म्हणून बघितलं. नियमाची आठवण करून द्यायची मला त्या काळात भारी हौस. वय एकतीस, बी.कॉम.ची पदवी आणि गडहिंग्लजच्या ‘सुप्रभा परमिट रूम’ची मॅनेजरकी. काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसलं की अख्खं गाव आपल्याच हुकमावर चालतंय असं वाटायचं. बारा वर्षं झाली त्याला.

शेवंताक्का घोडके आमच्या बारच्या अंगणात वजडी विकायची. बकऱ्याचं पोट नि आतडी चुना लावून, कढत पाण्यात घालून, सुरीनं खरवडून, सात-आठ पाणी बदलून धुवायची आणि मग संकेश्वरी मिरचीच्या वाटणात परतायची. ते काम आमच्या किचनच्या आवाक्यातलं नव्हतं. आमचे यल्लाप्पा वस्ताद कोंबडी, अंडी, शेंगदाणे एवढं बघायचे. पण गिऱ्हाईक आत पाय ठेवतानाच विचारायचं, “आक्का आली का?” आली असली तरच दोन तास बसायचं.

आमचे मालक सुभेदार दौलतराव नलवडे पल्टनीतून निवृत्त झालेले. बाहेरच्या माणसानं लायसनच्या जागेत खायचं विकायचं, तर त्याची जोखीम जागेच्या मालकावर येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवर लाल रंगात पाटीच लिहून घेतली होती. ‘बाहेरील विक्रेत्यांसाठी.’ अन्न खात्याचं नोंदणीपत्र आणि डॉक्टरचा दाखला गाड्यावर टांगलेला पाहिजे. किचनमध्ये पाय ठेवायचा नाही, तिथला गॅस-पाणी वापरायचं नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी आणायचं नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, ‘पहिली प्लेट विक्रेत्याने स्वतः खावी व सही करावी.’

हा शेवटचा नियम कुठल्या सरकारी कागदावर नव्हता. तो सुभेदारांनी पल्टनीतून आणलेला. लंगरमधलं जेवण जवानांच्या ताटात जायच्या आधी एक जण चाखतो, तसं. “जो शिजवतो तो आधी खाईल,” ते म्हणायचे, “मग बाकीचे.” काउंटरशेजारच्या टेबलावर आक्का रोज बसायची, कोरडी प्लेट खायची. चटणी नाही, कांदा नाही, काही नाही. बाजूला वही. आक्का सही करायची, खाली माझी सही. सही करायला ती नोंदणीपत्राच्या अर्जासाठी म्हणून शिकली होती. ‘शेवंता’ लिहिताना जीभ बाहेर काढायची.

त्या नोंदणीपत्राचं तिला केवढं अप्रूप! नगरपालिकेनं तिचा गाडा तीनदा उचलून नेला होता. नवरा गेल्यापासून कधी बसस्टँडसमोर, कधी बाजाराच्या तोंडाशी, कधी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं आणि हाकललं की पुढं जायचं. मग हा कागद मिळाला. फोटो, नाव, शिक्का. तिनं तो प्लॅस्टिकमध्ये घालून आणला, गाड्यावर टांगला आणि मला म्हणाली, “भाऊ, आता मला कुनी ऊठ म्हणायचं न्हाई.” त्या पावसाळ्यानंतर सुभेदारांनी अंगणात तिच्यासाठी पत्र्याचं शेड आणि पाण्याचा नळ द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, खाडा करायचा नाही आणि तक्रार यायची नाही.

म्हणून ती मार्गशीर्षातल्या गुरुवारीसुद्धा यायची. आधीच्या वर्षांत येत नसे. घरात लक्ष्मीचा घट मांडलेला, दिवसभर उपास. “धंद्याला देवी माफ करती भाऊ, चुलीला न्हाई करत,” असं म्हणायची. गुरुवारी तिच्या चुलीवर मटण चढायचं नाही. मग ती वजडी बुधवारी संध्याकाळीच शिजवायची, पातेलं झाकून मागच्या पडवीत ठेवायची आणि सकाळी पडवीतूनच उचलून घेऊन यायची. घरात आणायची नाही.

पहिले दोन गुरुवार यल्लाप्पा वस्तादांनी तिचं पातेलं आत घेतलं. “आना हिकडं आक्का,” म्हणाले, “तुमच्या त्या शेगडीवर नुसती ऊब लागतीय. मी दनकून उकळी आनतो.” मोठ्या भट्टीवर पंधरा मिनिटं रटरटवून परत दिलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पण बुधवारी सुभेदारांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी मला बोलावून पाटीकडं बोट केलं. “हे कशाला लिहिलंय? भिंत सजवायला?” एवढंच. मला ते फार लागलं.

त्यामुळं तिसऱ्या गुरुवारी यल्लाप्पा हात पुसत दारात आले, “आना पातेलं,” म्हणाले, तेव्हा मी स्टुलावरूनच ओरडलो.

“वस्ताद, नाही. किचनमध्ये बाहेरचं भांडं नाही.”

“अवो, पाच-धा मिंटाचं काम.”

“नियम म्हणजे नियम. तिची शेगडी आहे ना?”

यल्लाप्पांनी माझ्याकडं बघितलं. पंचावन्न-छप्पन्नचा माणूस, एकोणीस वर्षं त्या किचनमध्ये काढलेली, आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो. “बरं मॅनेजर,” म्हणाले आणि आत गेले. आक्कानं पातेलं शेगडीवर ठेवलं. कोळसे थोडे ओलसर होते. कडेनं जरा तेल सुटलं, वास आला, तिनं खाली उतरवलं.

आता प्रश्न पहिल्या प्लेटचा. आधीच्या दोन गुरुवारी जे केलं तेच केलं. आक्काची प्लेट मी खाल्ली. सकाळपासून कोऱ्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं, त्यामुळं मला ते बरंच पडायचं. कोमट होती, पण चव झकास.

“कशी हाय?” ती उभ्यानंच बघत होती.

“फक्कड. सही कर.”

“भाऊ, मी खाल्ली न्हाई आनि सही कशी करू? दोन येळा केली ती बी मनात खुटखुट हाय.”

“आक्का, कुणीतरी खाल्ली ना? मी खाल्ली. वहीत एक सही लागते. तुझ्या देवीला मी सांगतो, चल.”

ती हसली नाही. पण सही केली. मीही केली.

गुरुवार असल्यामुळं गिऱ्हाईक मुळातच कमी. आक्काही थोडीच वजडी आणायची. दोन वाजता पातेलं रिकामं. बेळगावकडं जाणाऱ्या एका गाडीतले चौघे कोंबडी खाऊन गेले. बाकी सगळे वजडीवाले. आक्का संध्याकाळच्या पूजेला घरी गेली.

पाचच्या सुमारास माझ्या पोटात ढवळायला लागलं. आधी वाटलं पित्त. मग किचनमागच्या कोठीत जाऊन ओकलो. एकदा, दोनदा, चारदा. घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. मागून कुणीतरी कपाळ धरलं.

“भाईर पडू दे. सगळं पडू दे. मी हाय.”

यल्लाप्पा. एरवी मला तुमी-आमी करणारा माणूस तेव्हा ‘तू’वर आला. त्यांनी मला कांद्याच्या पोत्याला टेकवून बसवलं, तोंड धुतलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून आणलं, चमच्या-चमच्यानं पाजलं.

“काय खाल्लास आज?”

“काही नाही. उपाशीपोटी चहा जास्त झाला.”

ते चमचा पुढं करत राहिले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “वजडी?”

मी मान वळवली. “वस्ताद, कुणाला सांगू नका. सुभेदारांना तर नाहीच.”

“मी कशाला सांगू? तू घोट घे.”

तासाभरात मला उतार पडला. मी शर्ट बदलून काउंटरवर येऊन बसलो. आणि फोन वाजला. सरकारी दवाखान्यातून. आमच्याकडं दुपारी जेवलेले सात जण भरती झाले होते. त्यातला एक, हायस्कूलमधला शिपाई, बेशुद्ध होता. तो तीन दिवस तसाच राहिला. वाचला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या तीन दिवसांत तो वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी अन्न खात्याच्या सबनीस मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी, आवाज चढलेला एकदाही ऐकला नाही. बार बंद. खुर्च्या टेबलांवर उलट्या. मधल्या एका टेबलावर त्या, समोर सुभेदार. आक्का भिंतीला टेकून उभी, पदर डोक्यावरून घेतलेला. दोन दिवसांत बाई वाळून गेली होती. यल्लाप्पा किचनच्या दारात, खांद्यावर पंचा. मी काउंटरपाशी.

मॅडमनी सगळं फिरून बघितलं होतं. पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं निघालं. किचनची मोरी उघडी. त्यांनी ते लिहून घेतलं आणि चष्मा काढला.

“सातही जणांनी दोनच गोष्टी खाल्ल्यात,” त्या म्हणाल्या. “या बाईंची वजडी, आणि प्रत्येक प्लेटबरोबर तुमच्या किचनमधून जाते ती पुदिन्याची चटणी. वजडी संपली. चटणीचा डबा त्याच दिवशी धुतला गेला. तपासायला माझ्याकडे दोन्हीतलं काही नाही. कोंबडीबरोबर नुसती चटणी खाल्लेल्या त्या चौघांचा पत्ता लागत नाही. मग मला सांगा, चटणी न घेता नुसती वजडी कुणी खाल्ली का?”

“खाल्ली,” सुभेदार ताठ बसून म्हणाले. “पहिली प्लेट. ती कोरडीच खायची असते. आमच्याकडं वही आहे.”

मी वही आणून दिली. मॅडमनी पान उघडलं, बोट फिरवलं.

“शेवंता घोडके. तुमची सही?”

“व्हय,” आक्का म्हणाली.

“गुरुवारी साडेअकराला तुम्ही ही वजडी खाल्ली. आणि तुम्हाला काही त्रास झाला नाही. बरोबर?”

एवढं सोपं होतं. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं. वजडी निर्दोष, आक्का निर्दोष, कागद शाबूत, शेड शाबूत. तिला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. आक्का चांगली शहाणी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं, जिथून टांगलेलं नोंदणीपत्र दिसत होतं.

“न्हाई बाई,” ती म्हणाली. “माझा उपास हुता. मी खाल्ली न्हाई. सही केली ती खोटी केली. ती बी लक्ष्मीच्या वारी. खोटं कुटवर वडू?”

सुभेदारांची मान माझ्याकडं वळली.

“मग कुणी खाल्ली?” मॅडमनी विचारलं.

“ह्या भावांनी.”

आता सगळे माझ्याकडं बघत होते. मॅडमनी पेन उचललं. “तुम्ही खाल्ली? चटणी न घेता?”

“हो.”

“दिवसभरात दुसरं काय खाल्लं?”

“काही नाही. चहा.”

“मग? तुम्हाला काही त्रास झाला? उलटी, पोटात कळ, काही?”

मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय की त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आक्काचं ते प्लॅस्टिकमधलं नोंदणीपत्र आलं. आलं असेलही. पण खरं बोलायचं तर आधी आली ती भीती. खोटी सही माझी होती. भट्टीवरचं पातेलं मी अडवलं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, वजडी कधी शिजवली, गरम का केली नाही, कुणी करू दिली नाही. आक्काची दया वगैरे मला नंतर सुचली.

“नाही,” मी म्हटलं. “मला काहीच झालं नाही.”

किचनच्या दारात यल्लाप्पांनी खांद्यावरचा पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. बाकी काही हललं नाही.

“नक्की?” मॅडमनी विचारलं. “तसं लिहून द्याल?”

“देतो.”

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलं आलं. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मग यल्लाप्पांकडं वळल्या.

“चटणी तुम्ही करता?”

“व्हय.”

“पाणी त्याच टाकीचं?”

“त्याच.”

“तुम्हाला काही सांगायचंय?”

मला वाटलं, आता संपलं. त्यांनी नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. माझं कपाळ ज्या हातानं धरलं तो हात उचलून माझ्याकडं दाखवला असता तरी पुरे होतं. यल्लाप्पांनी आक्काकडं बघितलं. ती पदराचं टोक दातांत धरून उभी होती, खरं बोलून मोकळी झालेली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“मला काय सांगायचं न्हाई बाई,” ते म्हणाले. “चटणी माझ्याच हातची.”

किचनला पंधरा दिवस कुलूप लागलं. सुभेदारांनी टाकीचं झाकण बदललं, मोरीवर जाळी बसवली आणि यल्लाप्पांना त्याच दुपारी काढून टाकलं. एकोणीस वर्षांचा माणूस. मला खोट्या सहीबद्दल चार शब्द ऐकवले, पण ठेवलं. “निदान शेवटी खरं तरी बोललास,” असं म्हणाले.

यल्लाप्पांचं त्या किचनमधलं स्वतःचं सामान म्हणजे एक सुरी आणि एक लांब दांड्याचा झारा. दोन्ही त्यांनी पंच्यात गुंडाळलं आणि मागच्या दारानं निघाले. मी धावत गेलो.

“वस्ताद...”

ते थांबले. मी काय बोलणार होतो मला आजही माहीत नाही. त्यांनीच विचारलं.

“पोट बरं हाय न्हवं आता?”

“हो.”

“दोन-चार दिवस तिखट खाऊ नको,” म्हणाले आणि रस्त्याला लागले. चिंचेच्या झाडापर्यंत मी त्यांना बघत होतो. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

आक्काला शेड मिळालं. नळ मिळाला. उद्घाटनाला तिनं मला हातानं पेढा भरवला. “भाऊ, तुमी नसतासा तर माझं काय खरं न्हवतं,” म्हणाली. आणि मग आवाज बारीक करून, “त्या वस्तादाला मी लई चांगला समजत हुते बगा. चटनीत काय घातलं कुनाला ठावं. माझ्या नावाला डाग लागला असता.” मी पेढा चघळत उभा राहिलो. तिला तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही शंभरदा आलं असतं.

एवढं मात्र केलं, गुरुवारचं पातेलं मी बंद केलं. “मार्गशीर्षात गुरुवारी येऊ नको, खाडा धरणार नाही, सुभेदारांशी मी बोलतो,” असं तिला सांगितलं. तिला वाटलं मी तिच्या उपासासाठी करतोय. दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि कोल्हापूरला एका ट्रॅक्टरच्या दुकानात लागलो. पाट्या आणि नियम यांचं माझं वेड तिथं कुणाला कळलं नाही, कारण ते उरलंच नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात आक्का गेली. दिवसकार्याला गेलो होतो. फोटोशेजारी तिच्या जावयानं ते नोंदणीपत्र ठेवलं होतं. किती वेळा नवं करून घेतलं असेल, पण हे पहिलंच होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. जावई म्हणाला, “शेवटपर्यंत एक तक्रार आली न्हाई त्यांच्या नावावर.” मी मान डोलवली, बाहेर आलो आणि मोटारसायकलला टेकून उभा राहिलो. आक्कासाठी खोटं बोललो, असं मी बारा वर्षं स्वतःला बजावत आलो होतो. आता आक्का नव्हती. मागं लपायला कुणी उरलं नाही.

विचारत विचारत यल्लाप्पांचा पत्ता काढला. चंदगडच्या रस्त्याला, हलकर्णीच्या अलीकडं, त्यांची खानावळ होती. चार बाकडी, कौलारू छप्पर, बाहेर हात धुवायला पिंप. त्या पिंपावर घट्ट बसणारं झाकण होतं, त्यावर दगड. भर दुपारी पोचलो. गिऱ्हाईक नव्हतं. सून भाकरी थापत होती. यल्लाप्पा खांबाला टेकून लसूण सोलत बसले होते. एका डोळ्यात पांढरं आलेलं. मला वाटलं ओळखणार नाहीत.

“ये मॅनेजर,” ते म्हणाले. “बस.”

मी बसलो. लसणाची पाकळी उगाचच हातात घेतली.

“वस्ताद, आक्का गेली.”

“ऐकलं. चांगली बाई. खरं बोलली त्या दिवशी.”

“तुम्ही का नाही बोललात?”

“मी बोललो असतो तर तिचं शेड गेलं असतं.” पाकळी सोलत म्हणाले, “आनि माझं काम न्हवतं ते बोलायचं. ज्याच्या पोटात हुतं त्यानं बोलायचं.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. लाज सोडून रडलो. सुनेनं भाकरी थापायची थांबवून बघितलं आणि परत थापायला लागली.

“वस्ताद, मला उलट्या झाल्या होत्या. मी खोटं लिहून दिलं. पातेलंसुद्धा मीच अडवलं होतं. तुमची चटणी चांगली होती. तुमचं सगळं चांगलं होतं.” बारा वर्षं घोकलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटची पाकळी सोलून वाटीत टाकली, हात झटकले.

“जेवलास?”

“नाही. मला भूक नाही, वस्ताद.”

“जेव आधी.”

ते उठून आत गेले. गुडघे धरत परत आले तेव्हा हातात ताट होतं. भाकरी, सुकं मटण, रस्सा, आणि एका कोपऱ्यात हिरवी चटणी. मी ताटासाठी हात पुढं केला. त्यांनी दिलं नाही. समोरच्या बाकावर बसले, ताट स्वतःच्या पुढ्यात ओढलं. माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत घोळवला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. सावकाश, चाळीस चावे चावल्यासारखा. पाण्याचा घोट घेतला. मग ताट माझ्याकडं सरकवलं.

“माझं खाऊन झालं,” ते म्हणाले. “मला काही झालं न्हाई. आता तू खा.”

मी घास केला. तोंडात घातला. चटणी पुदिन्याचीच होती. तो घास गिळायला मला फार वेळ लागला, आणि यल्लाप्पा तोवर समोर बसून राहिले.